तुटलेल्या तारेपलीकडचा उजेड

१

अर्जुनराव खरात खांबावरून पडला तेव्हा गल्लीत उजेड होता. सावळदऱ्यातली पाच घरं ही गोष्ट शपथेवर सांगत होती.

दुपारी वारा सुटला, कडुलिंबाची फांदी तारेवर पडली आणि तार तुटली. लाइनमन अर्जुनराव ती जोडायला खांबावर चढला. दिवेलागणीच्या सुमारास एकाएकी दिवे लागले आणि पाठोपाठ वरून माणूस कोसळल्याचा आवाज आला. लोक धावत जाईपर्यंत दिवेही गेले होते आणि अर्जुनरावही गेला होता.

दिवे लागले म्हणजे सबस्टेशनवरून कुणीतरी लाइन सोडली. सबस्टेशनवर त्या वेळी एकटा ऑपरेटर वकार होता. गावाला याहून जास्त विचार करायची गरज वाटली नाही. रात्र चढायच्या आत वकारच्या घराच्या पत्र्यावर दगड पडले. पोलिसांनी त्याला जानेफळला नेऊन बसवलं. पकडून बसवलं की वाचवायला बसवलं, हे त्यांनाही नीट सांगता येईना.

मी महामाया तायडे, विद्युत निरीक्षक, मुक्काम बुलढाणा. विजेने माणूस मेला की कायद्याप्रमाणे मला जावं लागतं. मी निघायच्या आतच निष्कर्ष कळवणारे फोन येतात, तेही आता कायद्यातच घालून टाकावं. या खेपेला वीज कंपनीच्या साहेबांचा आला.

"ऑपरेटरची चूक उघड आहे मॅडम. साक्षीदार प्रतिष्ठित आहेत. रिपोर्ट लवकर द्या, गाव तापलंय."

गाव तापलं की खालचा एखादा माणूस पुढे ढकलून ते थंड करायचं, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. मला तिचा वीट आला आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी जानेफळला पोचले. ठाण्याच्या बाकावर वकार बसला होता आणि शेजारी त्याची आई नूरजहां. पोराचे डोळे रडून सुजले होते.

"अर्जुनभाऊचा फोन आला, फीडर बंद कर म्हने. मी केलं," तो म्हणाला. "मी सांगत नाही तोवर देऊ नको, असं म्हनला. त्याचा फोनच आला नाही. मग मी काऊन देऊ, मॅडम?"

"पण गल्लीत दिवे लागले होते."

"तेच तं समजून नाही राह्यलं मले. माह्या लग्नात वरातीपुढं नाचला होता तो. त्याले मी मारीन?"

नूरजहांने माझ्या साडीचा पदर धरला नाही की पाया पडली नाही. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, त्यायले कोनीतरी पाह्यजे हाय. माह्याच पोराले काऊन घेतलं, हे तुमालेबी समजते न मलेबी समजते."

जमादार खाकरले. "आज संध्याकाळपर्यंत तुमचं मत सांगा. नाहीतर याच्यावर गुन्हा दाखल होते, न उद्या कोर्टात उभं करा लागते."

मी त्यांनाच जीपमध्ये बसवलं आणि सावळदऱ्याला निघाले.

२

गल्ली सरळ होती. तोंडाशी डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर. मधोमध कडुलिंब. पुढे पाच घरं आणि मग शेतं. डीपीवरचे फ्यूज कधीचे उडालेले, त्या जागी सरळ तारा पिळून बांधलेल्या. त्यामुळे गल्लीतलं एवढंसं काम असलं तरी सबस्टेशनला फोन करून सगळा फीडर, म्हणजे गावाला येणारी मुख्य लाइन, बंद करून घ्यायचा, ही इथली कामाची पद्धत. तार जोडण्याआधी ती जमिनीशी जोडून ठेवायची साखळी अर्जुनरावच्या मोटरसायकलच्या डिक्कीत होती, तशीच, गुंडाळलेली. दोन्हीकडून मेलेल्या तारेला कशाला साखळी, असं त्याला वाटलं असणार. सगळ्यांनाच वाटतं.

मी वर पाहिलं आणि पाहतच राहिले.

"जमादार, ही तार कुणी जोडली का नंतर?"

"नाही जी. पंचनाम्यापासून कोनाले हात लावू देला नाही. तुटली तशीच हाय."

डीपीकडचं टोक खांबाला सुतळीने बांधून ठेवलं होतं. पलीकडचं टोक खाली लोंबत होतं. पंचनामा सांगत होता की अर्जुनरावच्या डाव्या तळव्यावर भाजल्याची खूण होती आणि त्या हातात पलीकडचंच टोक होतं.

गल्लीच्या तोंडाशी चहाचं हॉटेल होतं. मी हॉटेलवाल्याला विचारलं, "परवा संध्याकाळी तुमच्याकडे लाइट आली होती?"

"आमच्याकडं कुठी? आमाले तं रात्रीच आली. तिकडं टोकालेच आली होती म्हनतात."

"मग हे पोलिसांना का नाही सांगितलं?"

"कोनी इचारलंच नाही," तो म्हणाला आणि कप विसळायला लागला.

मी जमादारांना कडुलिंबाखाली उभं केलं. "वकारने लाइन सोडली असती तर वीज कुठून आली असती?"

"डीपीकून."

"मग आधी कुणाचे दिवे लागले असते?"

"हॉटेलवाल्याचे." ते थांबले. वर तुटलेल्या तारेकडे पाहिलं, मग पलीकडच्या पाच घरांकडे. पाट मध्येच फुटलेला असताना पुढच्या वावरात पाणी दिसावं, तसं काहीतरी त्यांना दिसलं असावं. "मॅडम, तार तुटेल असतानी पलीकडं लाइट जाऊच शकत नाही."

"नाही. वकारने हजार वेळा बटण दाबलं असतं तरी नाही."

"मंग आली कुठून?"

मी बोट दाखवलं. वीज सबस्टेशनवरून आलीच नव्हती. ती मागून आली होती, त्या पाच घरांपैकी एका घरातून. आणि वकारवर दगड मारायला निघालेला जमाव त्याच पाच घरांपुढे जमला होता.

३

पाचांपैकी तीन घरी जनरेटर होते. पहिला नजीरचा, मंडपवाल्याचा. त्याचा जनरेटर दोन दिवस मलकापूरला एका लग्नात होता आणि स्वतः नजीरही तिकडेच होता. ते पडताळायला एक फोन पुरला.

दुसरा रुखमाबाईचा. पन्नाशीची ठसठशीत बाई. दूध संकलनाची डेअरी चालवते. घर आणि डेअरी एकाला एक लागून. मी आत शिरले तशी तिने माझ्यापुढे ताक ठेवलं आणि स्वतःहून सुरू केलं.

"माहा जनरेटर चालू होता, नुसता डेअरीपुरता. मी काही लपवत नाही. दूध फाटू देऊ काय मंग?"

"त्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"मी डेअरी वाढवली न घरी आली. चूल पेटवाले बसली. तं घरातला बल्ब भगभगला."

"कसा? नेहमीसारखा?"

"छे. लालपिवळा. जीव नसल्यावानी. पंखा आपला हळूहळू गरगर करून राह्यला, मधीच थांबते, मधीच चालते. मी म्हनलं, आली वाटते लाइट, पन अशी आजारी काऊन?"

माझ्या दृष्टीने हे फार मोलाचं होतं. सबस्टेशनची वीज अशी येत नाही. एखादा लहान जनरेटर त्याच्या ताकदीबाहेरचं ओझं ओढायला लागला की दिवे असे कण्हतात. एका घरापुरता जनरेटर पाच घरांचे पंखे आणि फ्रिज ओढत होता. थोड्याच वेळात तो आपोआप बंद पडला असणार. तेवढा वेळ अर्जुनरावला मिळाला नाही.

"शेजारी कुणाचा जनरेटर ऐकू आला?"

"माह्याच जनरेटरच्या आवाजात दुसऱ्याचा कसा आयकू येईन?"

"तुमचा कसा जोडलाय, दाखवा."

डेअरीच्या भिंतीवर लोखंडी पेटी होती, तिला एकच दांडा. रुखमाबाईने तो मोठ्या तोऱ्यात ओढून दाखवला. "वरतं कंपनीची. खालतं माही. मधात कोनाचीच नाही. दोनी एका टायमाले होतच नाही. जनरेटर भाईर, शेडमधी. आत ठेवला तं धुरानं मान्सं झोपीतच मरतात, हे मले दुकानदारानं सांगितलं होतं. हा दांडा अर्जुनरावनंच बसवून देला."

तिचा जनरेटर तारेला वीज देऊच शकत नव्हता. दांडा तसं होऊच देत नव्हता. जिल्ह्यात शंभर घरी जनरेटर असतील तर असा दांडा चार घरी सापडेल, आणि त्यातलं एक या गल्लीत, या बाईकडे. मला तिचं कौतुक वाटलं आणि उरलेल्यांचा रागही आला.

"आता राह्यलं कोन?" जमादारांनी बाहेर येऊन विचारलं, जरी उत्तर त्यांना ठाऊक होतं.

शेवटचं घर शरच्चंद्र गुरुजींचं. गावातल्या दोन पिढ्यांना मराठी शिकवलेले. साहेबांच्या फोनमधले प्रतिष्ठित साक्षीदार ते हेच. 'दिवे लागताना मी स्वतः पाहिले, ऑपरेटरने लाइन सोडली,' हा पहिला जबाब त्यांचा होता.

४

गुरुजींनी आमचं स्वागत फार अदबीने केलं. पांढरा स्वच्छ सदरा आणि जिथल्या तिथे ठेवलेले शब्द. आतल्या खोलीत त्यांची बायको प्रेमलाबाई पलंगावर होती, नाकाला नळी लावलेली. पलंगाशेजारी हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र, हॉटेलापासून ओढून आणलेल्या केबलवर, घुरघुरत होतं. चहा आणला तो सून निवेदिताने. मुलगा सोहम पुण्याला नोकरीला. सून इंदूरची, माहेरी सगळी हिंदी बोलणारी. सहावा महिना असावा. ती कप ठेवून दारामागे उभी राहिली. रात्रभर झोपली नसावी असा तिचा चेहरा होता.

"त्या संध्याकाळी दिवे विझले तेव्हा तुम्ही—" मी सुरुवात केली.

"विझले म्हणू नये, बाई," गुरुजी हसून म्हणाले. "मालवले म्हणावं. विझणं अशुभ. आपल्या भाषेनं या गोष्टी फार जपल्या आहेत. आमच्या घरात अजून त्या पाळतात."

मी म्हटलं, "दुपारपासून लाइट नव्हती. मग आईंचं यंत्र कशावर चाललं?"

"यंत्र नव्हतं चालवलं. सिलेंडर आहे ना. अडीअडचणीला म्हणून सोहमने ठेवला आहे."

"आणि जनरेटर?"

"त्यात पेट्रोलच नव्हतं. महिनाभर हात लावलेला नाही."

मी सिलेंडर पाहायला मागितला. कोपऱ्यात उभा होता. तोंडावरचं प्लास्टिकचं सील जसंच्या तसं होतं. मी ते जमादारांना दाखवलं.

जनरेटर मागच्या पडवीत, जुन्या चादरीखाली. पडवीच्या भिंतीला गेल्या दिवाळीपासूनचा पिवळट रंग होता, फक्त खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, परातीएवढा ताजा चुन्याचा डाग. बोट लावलं तर बोटाला लागला.

"इथे काय झालं होतं?"

"ओल आली होती," गुरुजी म्हणाले.

मे महिन्यात, मेहकर तालुक्यात, गुडघ्याएवढ्या उंचीवर ओल. या माणसाने मुलांना निबंध लिहायला शिकवलं असेल, खोटं बोलायला मात्र स्वतःच शिकला नव्हता. जनरेटरचा धूर जिथे भिंतीवर येतो तिथे काजळी धरते. ती पुसून जात नाही, तिच्यावर चुना मारावा लागतो.

"आम्ही अर्जुनसाठी शोकसभा घेतोय," त्यांनी विषय बदलला. "माझा विद्यार्थी होता तो. आणि त्या ऑपरेटरला शिक्षा झाल्याशिवाय गाव स्वस्थ बसणार नाही. अशा लोकांच्या हातात गावाचा जीव ठेवायचा म्हणजे—"

"अशा म्हणजे कशा, गुरुजी?"

दारामागून कप पडल्याचा आवाज आला. निवेदिता खाली बसून तुकडे वेचत होती.

मला घर कळलं होतं. पण घर कोर्टात उभं करता येत नाही. जनरेटर चालवला असला तरी वीज रस्त्यावरच्या तारेत कशी गेली? घराचा मेन स्विच पाडलेला, म्हणजे दांडा खाली ओढून बंद केलेला असता तर ती उंबऱ्याबाहेर गेली नसती. आणि मेन पाडायचा असतो, एवढं गुरुजींना माहीत नसेल?

५

अर्जुनरावच्या घरी जायचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. मेलेल्या माणसाच्या घरी सरकारी कागद घेऊन जाताना मला माझ्याच नोकरीची लाज वाटते.

सारिका भिंतीला टेकून बसली होती. पस्तिशीची असेल. तिचे हात मोकळे होते. सासू जनकाबाई तिच्याजवळ बसून तिच्या पाठीवरून उगाचच हात फिरवत होती.

"त्या वकारले फाशी द्या," सारिका म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "माह्या हातची भाकर खाल्लेला हाय तो."

"त्यांनी गल्लीत कुणाला जनरेटरचं काही काम करून दिलं होतं?"

"कोनाले नाही केलं? रुखमाबाईले दांडा बसवून देला. गुरुजीले बी म्हनलं होतं, दांडा बसवा. ते म्हने मंग पाहू. मंग आजीचं मशीन चालावं म्हनून त्यायले एक वायर बनवून देली. दोनीकून पिनाची."

मी डोळे मिटले. दोन्हीकडे पिनांची वायर. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं घराच्या भिंतीतल्या प्लगमध्ये, की अख्ख्या घराला मागच्या दाराने वीज. गावोगाव ही वायर असते आणि ती बनवणारा बहुतेक वेळा लाइनमनच असतो, कारण नाही म्हणायचं धाडस त्याला नसतं. खरं म्हणजे आजीचं यंत्र सरळ जनरेटरलाच जोडलं असतं तर भागलं असतं. तेवढीच त्या जनरेटरची ताकदही होती.

"त्यायनं आजीले चांगलं बजावून सांगितलं होतं," सारिका म्हणाली. "आधी मेन पाडायचा, मंग वायर लावायची. घरी येऊन मले म्हनला, म्हातारीनं तीनदा म्हनून दाखवलं. तवा कुठी जिवाले बरं वाटलं."

म्हणजे प्रेमलाबाईला नियम पाठ होता. मग चुकलं कुठे?

"काल गुरुजींच्या घरचं कोणी आलं होतं इथे?"

"सून आली होती," जनकाबाई म्हणाली. "गुनाची पोर. पोटुशी असून आली. पानी आनून दे, लेकराईले घे, सगळं केलं तिनं. न मंग एकदम पडलीच चक्कर येऊन."

"कशाने?"

"कशानं सांगू? मी तं काहीच बोलली नवती तिले. बाया इचारून राह्यल्या होत्या, सारिकाचं झालं काय सगळं. मी म्हनलं, हाव, वाढवल्या तिच्या बांगड्या. त्या पोरीनं सारिकाच्या हाताकडं पाह्यलं. मंग मले म्हने, आजी, वाढवल्या म्हणजे? मी म्हनलं, वाढवल्या म्हनजे काढल्या, फोडल्या. आता नाही घालाच्या. तं ती पांढरीफक झाली न पडली."

मी उठून उभी राहिले. जमादारांना वाटलं मला काहीतरी चावलं.

रुखमाबाई डेअरी वाढवून घरी आली होती. मी ते ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. आपण सगळेच मान डोलावतो. दुकान वाढवलं म्हणजे बंद केलं. दिवा वाढवला म्हणजे मालवला. जन्मापासून कानावर पडलेला शब्द, त्याचा अर्थ कुणी कुणाला सांगत बसत नाही. इंदूरहून आलेल्या मुलीला तर कुणीच सांगितला नव्हता.

६

गुरुजी अंगणात होते. मी बसलेही नाही.

"दिवे तुटलेल्या तारेच्या पलीकडे लागले, म्हणून वकार त्यात येत नाही. नजीरचा जनरेटर गावात नव्हता. रुखमाबाईचा बाहेर वीज टाकू शकत नाही. उरला तुमचा. सिलेंडरचं सील शाबूत आहे, म्हणजे त्या संध्याकाळी आईंचं यंत्र जनरेटरवरच चाललं. भिंतीवरची काजळी तुम्ही चुन्याने झाकली. ती दोन्हीकडे पिनांची वायर कुठे आहे?"

"कसली वायर?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "असेलच तर ती अर्जुननेच बनवून दिली असेल. दोष त्याचाही निघेल, बाई. विचार करा."

मेलेल्या विद्यार्थ्याला ते पहिल्या दमात पुढे करून मोकळे झाले. मला त्यांची इतका वेळ कीव येत होती, ती तिथे संपली.

मी आत गेले. प्रेमलाबाईंच्या पलंगाशी बसले. "आई, परवा तुम्हाला धाप लागली होती ना? सुनेला काय सांगितलंत?"

तिला काहीच माहीत नव्हतं, हे तिच्या तोंडावर लख्ख दिसत होतं. घरातल्यांनी तिच्यापासूनही लपवलं होतं. ती दम घेत घेत, पण अभिमानाने म्हणाली, "अर्जुननं शिकवलं होतं तसंच सांगितलं हो. आधी मेन वाढव, मग वायर लाव. दिवेलागणीची वेळ, घरात पोटुशी सून. बंद कर, पाड, असलं कसं म्हणू तोंडानं?"



"मी वाढवला," दारातून निवेदिता म्हणाली. "खाली होता तो दांडा. मी वर केला. माँजींनी सांगितलं तसाच."

"खाली होता?" मी विचारलं.

गुरुजी उंबऱ्यावर येऊन उभे होते. आता त्यांचा आवाज कुठून तरी खोलातून आल्यासारखा आला. "मीच पाडून गेलो होतो. वारा सुटला तेव्हा. नेहमी पाडतो."

म्हणजे घर सुरक्षित होतं. काहीही करायची गरज नव्हती. वायर तशीच लावली असती तरी वीज घरातच राहिली असती. एका शुभ शब्दाने पाडलेला मेन वर गेला.

"लोकांचा आरडाओरडा ऐकून मी आलो," गुरुजी म्हणाले. "जनरेटर बंद पडला होता. वायर पाहिली, मेन पाहिला. कळलं. मेन पाडला, वायर चुलीत घातली. हिला एवढंच सांगितलं, जनरेटर चालवला हे बोलू नको. का, ते नाही सांगितलं. ती अशी अवघडलेली. तिला तुरुंगात पाठवू का? मुलगा काय म्हणेल मला?"

"हिला कोण तुरुंगात पाठवणार होतं? हा अपघात होता. अपघात त्या संध्याकाळपुरता होता, गुरुजी. त्याच्या पुढचं सगळं तुम्ही केलंत. पहिला जबाब तुमचा. वकारच्या घरावर दगड पडले तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

ते सदऱ्याची घडी सारखी करू लागले.

"अपघात झाकायला निरपराध माणूस पुढे ढकलायचा, याला आपल्या भाषेत एखादा शुभ शब्द आहे का? तुम्हाला माहीत असेल."

"बाई, अहवालात 'अनवधानाने' असं काही लिहिता येईल," ते खालमानेने म्हणाले. "आणि हिचा जबाब मी होऊ देणार नाही. वायर राहिलेली नाही. प्रेमला आजारी आहे. तुमच्याकडे आहे काय? एक चुन्याचा डाग."

ते खरं होतं. तुटलेल्या तारेचं गणित वकारला कदाचित सोडवेल, कदाचित वर्षभर तारखा पडतील. गावाला गणित पटत नाही, माणूस बोललेलं पटतं. जमादार माझ्याकडे पाहत होते. घड्याळाकडे मी पाहिलं नाही.

निवेदिताने पायात चपला घातल्या.

"निवेदिता, आत जा," गुरुजी म्हणाले.

"बाबा, तुम्ही मला हर शब्दाचा अर्थ सांगत होता," ती म्हणाली. "हा एकच नाही सांगितला."

ती पोटावर हात ठेवून गल्लीतून चालत निघाली आणि आम्ही तिच्यामागे. कडुलिंबाखालून, लोंबत्या तारेजवळून. सारिकाच्या दारात आणखी एक बाई उभी होती, ती नूरजहां. मुलासाठी बोलायला आली होती आणि तिला कुणी आत घेतलं नव्हतं. निवेदिताने तिचा हात धरला आणि तिला आपल्यासोबत आत नेलं.

तिने सगळं सांगितलं. हिंदीत सुरुवात केली, मग मोडक्या मराठीत. मेन, वायर, वर केलेला दांडा, लागलेले दिवे. दिवे लागले तेव्हा आपल्याला आनंद झाला होता, हेही तिने सांगितलं. जमादार लिहून घेत होते. नूरजहां भिंतीशी बसून तोंडावर पदर धरून रडत होती, आता तिला रडायला हरकत नव्हती.

सारिकाने सगळं ऐकून घेतलं. ती निवेदिताच्या अंगावर धावून जाईल असं मला वाटलं होतं. ती नूरजहांकडे पाहून म्हणाली, "चाची, मी तुह्या पोराले शिव्या देल्या. मले वकारपाशी घेऊन चाल." मग निवेदिताकडे वळली.

"तुले माहीत नव्हतं?"

"नाही, दीदी. मला वाटलं वाढवणं म्हणजे जास्त करणं. चांगलंच काहीतरी."

सारिकाने आपले मोकळे हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"आमच्याकडं जे जाते त्याले वाढलं म्हनतात, बाई," ती म्हणाली. "बांगड्या वाढल्या. कुंकू वाढलं. आता पाह्य, माहं घर किती वाढलं ते."